राजकन्या तासभर काय करते?

दोस्तांनो, एक कोडं घालतो. अंगात पांढरा सदरा, पांढरा लेंगा. पायात काही नाही. नावसुद्धा नाही. तलवारवाल्या शिपायांना तो घाबरत नाही, पण एका सैल फरशीवर पाय पडला की थेट खाली सुळ्यांवर! त्याच्याजवळ वेळ आहे फक्त ६० मिनिटं. ओळखा पाहू, हा कोण?

नाही ना ओळखता येत? मग हेच कोडं तुमच्या बाबांना, मामाला नाहीतर मावशीला घाला. १९९० नंतरच्या दहा वर्षांत ते कधी कॉम्प्युटर क्लासला गेले असतील, तर हातातलं काम टाकून ओरडतील, "अरे, प्रिन्स!"

बरोबर. प्रिन्स ऑफ पर्शिया. आज मी तुम्हाला याच खेळाबद्दल आणि त्याच्या पुढच्या भावंडांबद्दल सांगणार आहे. हा खेळ मला फार म्हणजे फारच आवडतो. आणि म्हणूनच त्याच्या गोष्टीत काय चुकलं, तेही सांगणार आहे. "आवडतो तर मग नावं कशाला ठेवता?" असं तुम्ही म्हणाल. माझ्या भाचीनेही अगदी असंच विचारलं होतं. तिला दिलेलं उत्तर शेवटी सांगतो. आधी आपण परतवाड्याला जाऊ.

चपला बाहेर काढा!

परतवाडा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं, चिखलदऱ्याला आणि मेळघाटला जाणाऱ्या वाटेवरचं आमचं गाव. सागवानाच्या व्यापाराचं. शेजारी जुळ्या भावासारखं अचलपूर. आमच्या गावात कॉम्प्युटर क्लास सुरू झाला तेव्हा तो बघायलासुद्धा पोरं जायची. दारातच पाटी होती : चपला बाहेर काढा. आत थंडगार एसी, कॉम्प्युटरवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं कव्हर, आणि काळा-पांढरा पडदा. एका कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या. शिकवायचे काय, तर डॉस आणि वर्डस्टार. पण आमचा सगळा जीव शनिवारच्या शेवटच्या अर्ध्या तासात अडकलेला असायचा. कारण तेव्हा सर फ्लॉपी काढून द्यायचे आणि पडद्यावर प्रिन्स अवतरायचा.

गोष्ट अशी. सुलतान लढाईवर गेला आहे. त्याचा दुष्ट वजीर जाफर राज्य बळकावतो आणि राजकन्येला म्हणतो, "एका तासात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर." तिच्यासमोर तो वाळूचं घड्याळ ठेवतो. राजकन्येचं ज्याच्यावर प्रेम आहे तो आपला प्रिन्स पडलेला असतो तळघरात. तिथून निघून, दारं उघडत, सुळे चुकवत, शिपायांशी लढत त्याने मनोऱ्यापर्यंत पोचायचं. तासाच्या आत.

आता बघा हं, गंमत. गोष्टीतला तास हा खराखुरा तास होता. तुम्ही पडलात, मेलात, पुन्हा सुरुवात केलीत, तरी ते घड्याळ थांबत नसे. आणि आम्हाला मिळायचा अर्धाच तास! त्यातही वीज गेली की संपलं. खेळ मध्येच साठवून ठेवता येतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

प्रिन्सचा किल्ला आमच्या डोक्यात कसा होता, सांगू? अगदी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडासारखा. शाळेच्या सहलीला आम्ही त्या गडाच्या दरवाजातून आत जाताना फरशी सैल आहे का, हे पाय दाबून बघत होतो. मास्तरांना काही कळेना, ही पोरं अशी दबकत का चालतात!

धावणारा भाऊ आणि खिडकीतली सावली

हा खेळ बनवला जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने. जवळजवळ एकट्याने. १९८५ मध्ये त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालायला लावले आणि मोकळ्या जागेत धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला सांगून व्हिडिओ काढला. मग त्या व्हिडिओतलं एकेक चित्र गिरवून प्रिन्सची चाल तयार केली. म्हणून तर प्रिन्स धावता धावता एकदम थांबला की आपल्यासारखा थोडा पुढे घसरतो. कड्याच्या टोकाला बोटांनी लटकतो. दुसऱ्या खेळातले नायक रबरी बाहुल्यांसारखे उडायचे. हा मात्र माणसासारखा पडायचा. त्याला लागलं की आम्ही खुर्चीत "आई गं!" करायचो. तलवारबाजीसाठी मेकनरने १९३८ सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातली लढाई अशीच गिरवली. संगीत कोणी दिलं? त्याच्या वडिलांनी! चार वर्षं खपून १९८९ मध्ये खेळ बाहेर पडला.

तो तयार झाला ॲपल टू या कॉम्प्युटरवर. त्याची स्मृती १२८ किलोबाइट. आज मोबाईलमधला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा इतकी कमी, की शत्रू दाखवायला नवी चित्रं घालताच येईनात. मैत्रीण सारखी मागे लागलेली, "लढाई पाहिजे, लढाई!" तेव्हा मेकनरने एक युक्ती केली. प्रिन्सचीच चित्रं घेतली, ती जराशी सरकवून एकमेकांवर अशी ठेवली, की एक झिरझिरीत, चमकणारी आकृती तयार झाली. प्रिन्सची सावली! मग जागा नव्हती तरी शत्रू मिळाला. इतकंच नाही, पुढे जागा करून खरे शिपाईही आले, पण सावलीची सर कुणालाच आली नाही.

ही सावली येते कुठून? चौथ्या पातळीवर वाटेत एक आरसा उभा राहतो. दुसरा रस्ता नाही. धावत जाऊन आरशातून उडी मारायची. प्रिन्स इकडून पार होतो आणि आरशातून दुसरा प्रिन्स तिकडे पळतो. पुढच्या पातळीवर तुम्हाला शक्तीची मोठी बाटली दिसते. तुम्ही पोचायच्या आत सावली ती पिऊन टाकते. त्याच्या पुढच्या पातळीवर तुम्ही कड्यावर लटकलेले असताना ती दार बंद करते, आणि तुम्ही खाली. आम्ही तिच्या नावाने दात-ओठ खायचो. आणि या सगळ्यात एक शब्द बोललेला नाही, एक ओळ लिहिलेली नाही, बरं का!

ताईचा प्रश्न

आता माझी मोठी ताई या गोष्टीत येते. ती क्लासला नव्हती. शनिवारी मला घरी न्यायला यायची आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसून राहायची. कीबोर्ड तिला कुणी दिला नाही. मीही नाही. तिने मागितलाही नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत होतो.

पण बघायची मात्र बारीक. कोणती फरशी हलते, हे माझ्या आधी तिला दिसायचं. एकदा ती म्हणाली, "तुमी सारे लढून रायले, पण थे राजकन्या तासभर काय करून रायली?"

आम्ही पोरं खो खो हसलो. एकजण म्हणाला, "काय करन? बसून रायली! राजकन्या हाय थे!"

ताई म्हणाली, "मंग तिची गोष्ट कायले म्हनता? घड्याळाचीच म्हना."

खरं सांगायचं तर राजकन्या अगदीच बसून नसते. आठव्या पातळीवर प्रिन्स बंद दाराआड अडकतो. तुम्ही काही केलं तरी दार उघडत नाही. तेवढ्यात एक छोटासा पांढरा उंदीर तुरुतुरु येतो आणि दाराची कळ दाबून जातो. तो उंदीर राजकन्येने पाठवलेला असतो. अख्ख्या तासात तिने केलेली ही एकच गोष्ट! आणि आम्ही तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या कुणासाठी? उंदरासाठी.

क्लासमधल्या एका मोठ्या मुलाने कुठून तरी 'मेगाहिट' हा गुप्त शब्द आणला होता. तो टाईप करून खेळ सुरू केला की एकेक पातळी ओलांडून पुढे उडी मारता यायची. अशी उड्या मारत मी एका शनिवारी बाराव्या पातळीवर पोचलो. आणि समोर कोण? तीच सावली. हातात तलवार!

मी तुटून पडलो. खालच्या कोपऱ्यात प्रिन्सच्या शक्तीचे छोटे त्रिकोण असतात. सावलीला एक घाव घातला, तिचा एक त्रिकोण गेला. पण माझाही गेला! पुन्हा घातला, पुन्हा तेच. शेवटी सावली मेली आणि तिच्याबरोबर मीही मेलो. असं चार-पाच वेळा झालं. वेळ संपत आली होती.

ताई शांतपणे म्हणाली, "तू त्याले मारतं, अन् तुयेच त्रिकोन कमी होते. थो तूच आहे ना रे! ठेव ना तलवार खाली."

मी तलवार म्यान केली. सावलीनेही म्यान केली. दोघं एकमेकांकडे धावले, आणि एक झाले! पुढे भलीमोठी पोकळी होती. प्रिन्स तिच्यात पाऊल टाकताच पायाखाली फरशी उमटत गेली. माझ्या अंगावर काटा आला. अजून आठवलं की येतो.

सोमवारी क्लासमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, सावलीचं कोडं मी सोडवलं. महिनाभर मी तिथला राजा होतो.

रुक्मिणीची चिठ्ठी

दोस्तांनो, ताईचा प्रश्न तेव्हा आम्हाला येडपटपणाचा वाटला. पण आपल्या वऱ्हाडातल्या मुलांना तरी तो तसा वाटायला नको होता. का, ते सांगतो.

परतवाड्याहून एस.टी.ने पन्नासेक किलोमीटरवर अमरावती. तिथलं अंबादेवीचं देऊळ तुम्हाला ठाऊकच आहे. आणि त्याच जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर. परंपरा सांगते, की हेच विदर्भाच्या भीष्मक राजाचं कुंडिनपूर आणि रुक्मिणीचं माहेर. तिची गोष्ट आठवा. भाऊ रुक्मी तिचं लग्न जबरदस्तीने शिशुपालाशी लावायला निघालेला. तिला हवा होता कृष्ण. म्हणजे अगदी प्रिन्सच्या राजकन्येसारखाच पेच! वेळही तसाच थोडा.

मग रुक्मिणीने काय केलं? वाळूचं घड्याळ बघत बसली? छे! तिने चिठ्ठी लिहिली. विश्वासाच्या ब्राह्मणाच्या हाती ती द्वारकेला धाडली. आणि चिठ्ठीत नुसतं "ये" असं नाही लिहिलं. कधी ये, कुठे ये, लग्नाआधी मी देवीच्या दर्शनाला बाहेर पडेन तेव्हा मला कसं घेऊन जा, सगळा बेत तिने आखून दिला. ते देऊळ म्हणजे अमरावतीचं अंबादेवीचंच, असं अमरावतीकर सांगतात. कृष्णाने रथ हाकला खरा, पण बेत रुक्मिणीचा होता. संत एकनाथांनी या गोष्टीवर 'रुक्मिणी स्वयंवर' हा अख्खा ग्रंथ लिहिला.

आणि विदर्भाचीच दुसरी राजकन्या दमयंती. स्वयंवरात नलाचं रूप घेतलेले देव आणि खरा नल असे सारे एकसारखे उभे. तिने खरा नल कशावरून ओळखला? इतर खुणांबरोबर एक खूण होती : त्याची सावली पडत होती! पुढे हरवलेल्या नलाला शोधून काढण्याची युक्तीही तिचीच.

म्हणजे बघा, आपल्या मातीतल्या दोन-दोन राजकन्या स्वतःच्या गोष्टी स्वतः पुढे नेतात. हजारो वर्षं लोक त्या ऐकत आले. अडकलेल्या राजकन्येला काहीतरी करू दिलं तर गोष्ट बिघडत नाही, उलट रंगते. ताईला हेच म्हणायचं होतं.

वाळू, खंजीर आणि फराह

प्रिन्सचा दुसरा भाग १९९३ मध्ये आला, तिसरा १९९९ मध्ये. पण खरी गंमत २००३ मध्ये आली. 'सँड्स ऑफ टाइम', म्हणजे काळाची वाळू. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये हा खेळ तयार झाला आणि गोष्ट पुन्हा मेकनरनेच लिहिली.

यात प्रिन्सजवळ एक खंजीर आहे. चूक झाली, पडलात, की खंजिराची कळ दाबायची आणि काळ उलटा फिरतो. आणि गोष्ट सांगतो कोण? प्रिन्स स्वतः. खेळताना तुम्ही मेलात तर त्याचा आवाज येतो : छे छे, असं नव्हतं झालं, परत सांगतो. आहे की नाही बहार? आजोबा गोष्ट सांगताना चुकतात आणि "थांब थांब, तसं नाही" म्हणतात, अगदी तसं. खेळातलं मरणं हासुद्धा गोष्टीचाच भाग झाला.

आणि इथे राजकन्या बसून नाही. तिचं नाव फराह. ती धनुष्यबाण चालवते. भिंतीतल्या अरुंद फटीतून सरपटत पलीकडे जाते आणि प्रिन्ससाठी दार उघडते. आठवलं का काही? उंदराचं काम आता राजकन्या स्वतः करते! म्हणजे मेकनरलाही ताईचा प्रश्न पडला असणार, असं मला आपलं वाटतं.

आणखी एक मौज. ही फराह भारताच्या महाराजाची मुलगी. गोष्ट सुरूच होते ती आपल्याकडे, प्रिन्सच्या वडिलांनी महाराजाच्या किल्ल्यावर केलेल्या हल्ल्याने. लहानपणी आईने शिकवलेला एक गुप्त शब्द ती प्रिन्सला सांगते. तो शब्द 'काकोलुकिया'सारखा ऐकू येतो. कान टवकारले ना? 'काकोलूकीय' हे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचं नाव, कावळ्यांच्या आणि घुबडांच्या वैराचं! आणि पंचतंत्र हे सहाव्या शतकात भारतातून इराणातच गेलं होतं, तिथल्या जुन्या पहलवी भाषेत. भारताच्या राजकन्येने इराणच्या राजपुत्राला पंचतंत्राचा शब्द द्यावा, याहून शोभेसं काय?

आता मात्र तक्रारी. एवढं पंचतंत्र ठाऊक असलेल्या माणसाला भारतातल्या मुलीसाठी भारतातलं नाव सापडलं नाही? फराह हे अरबीतून फारसीत गेलेलं नाव. आणि 'भारताचा महाराजा' म्हणजे कुठला? कोणत्या गावचा? जणू अख्ख्या देशाला एकच महाराजा आणि एकच किल्ला! ही पहिली तक्रार.

दुसरी तक्रार मोठी आहे. शेवटाजवळ फराह प्रिन्सला वाचवण्यासाठी स्वतःचा हात सोडून खोल पडते. मग प्रिन्स काळ अगदी सुरुवातीपर्यंत उलटा फिरवतो. फराह जिवंत होते. पण तिला काहीच आठवत नाही! तिने मारलेले बाण, उघडलेली दारं, दिलेला जीव, सारं पुसलं गेलं. आठवतं फक्त प्रिन्सला. तो तिला तिचीच गोष्ट सांगतो आणि तिला ती खरीही वाटत नाही.

हा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, किती सुंदर! दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा आमचा क्लास आठवला. शेजारची खुर्ची आठवली. "सावलीचं कोडं मी सोडवलं" असं सांगणारा एक मुलगा आठवला. एकाने केलेलं दुसऱ्याच्या नावावर कसं जातं, हे मला त्या खेळाने दाखवलं.

चढ आणि उतार

पुढे काय झालं? २००४ चा 'वॉरियर विदिन' आला आणि आमच्या प्रिन्सला काय झालं कळेना. आधीच्या भागात चुकांमधून शहाणा झालेला, नम्र झालेला मुलगा इथे सदान् कदा दात खात, ओरडत, रक्त सांडत फिरतो. फराह नाही. खुद्द मेकनरनेही यातली हिंसा आपल्याला रुचली नाही, असं जाहीरपणे सांगितलं. (आई-बाबांनो, हा भाग मोठ्या माणसांसाठीचा आहे. खेळाच्या वेष्टनावर वयाची खूण असते, ती बघूनच घ्या.) आणि तरीही, काळाचा रक्षक दहाका मागे लागतो तेव्हाची ती पळापळ! हात घामेजतात. म्हणजे खेळ चांगला आणि गोष्ट भरकटलेली, असंही असू शकतं. २००५ च्या 'टू थ्रोन्स'मध्ये फराह परत आली आणि गोष्ट बरीच रुळावर आली.

२००८ मध्ये नवाच प्रिन्स आणि सोबत एलिका. तुम्ही कड्यावरून पडलात की एलिका हात पुढे करून वर ओढते. प्रिन्स मरतच नाही, कारण ती आहे! अख्खा खेळ दोघं मिळून अहरिमन या काळोखाच्या देवाला कोंडतात. त्यासाठी एलिका प्राण देते. आणि मग प्रिन्स, म्हणजे तुम्ही, तुमच्याच बोटांनी एकेक कळ दाबून ते सगळं मोडता. एलिकाला परत आणण्यासाठी अहरिमनला सोडून देता. बटण दाबताना हात थांबतो. पण दाबल्याशिवाय खेळ संपत नाही. हे पुस्तकात वाचून कळणारं नाही. ते हातांनाच कळतं.

पण पुढे? पुढची गोष्ट २००९ मध्ये वेगळी विकायला काढली. आणि तीही अर्ध्यावरच थांबली. हे म्हणजे कादंबरीचं शेवटचं प्रकरण दुकानदाराने वेगळं काढून विकावं, आणि घरी येऊन बघावं तर त्यातही शेवट नाही!

२०२४ च्या जानेवारीत 'द लॉस्ट क्राऊन' आला. या वेळी पळवला जातो तो राजपुत्र, आणि त्याला सोडवायला निघतो सर्गोन नावाचा योद्धा. सिमुर्ग हा इराणी पुराणातला पक्षी, काफ पर्वत, आणि पात्रं चक्क फारसीत बोलताना ऐकता येतात. पर्शियाच्या गोष्टीला पर्शियाची भाषा मिळायला चौतीस वर्षं लागली! खेळ देखणा आणि अवघड आहे. पण पात्रं थांबून थांबून फार बोलतात, असं माझं मत. आरशातून मारलेल्या त्या एका मुक्या उडीने जे सांगितलं, ते इथे पानभर संवादांनी सांगावं लागतं.

आणि आपल्या महाराष्ट्राचं काय? २०२० मध्ये जाहीर झालं, की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनवण्याचं काम पुण्याच्या आणि मुंबईच्या स्टुडिओत चाललं आहे. मी तर उड्याच मारल्या. पण २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं, आणि पुण्या-मुंबईचा प्रिन्स कधी आपल्या पडद्यावर आलाच नाही. मात्र त्याच २०२० मध्ये पुण्याच्याच एका दुसऱ्या चमूचा, नॉडिंग हेड्सचा, 'राजी' आला. यात सर्कशीत वाढलेली राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते. भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, अगदी प्रिन्ससारखी. आणि गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. इथे तासभर बसून राहणारं कुणी नाही! पण राजीचाही शेवट इतका एकाएकी येतो, की आपण विचारतो, "आँ? संपलं?"

भाचीला दिलेलं उत्तर

मागच्या दिवाळीत ताईची मुलगी परतवाड्याला आली होती. मी तिला जुना प्रिन्स दाखवला. तो आता कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो. मी एकीकडे तिला शाबासकी देत होतो आणि दुसरीकडे बोलत होतो, "हे मात्र यांनी चुकवलं हं."

ती वैतागून म्हणाली, "मामा, तुला आवडतो ना हा? मग सारखी नावं का ठेवतोस?"

मी म्हणालो, "अगं, जी गोष्ट आपल्याला आवडत नाही, तिच्याशी आपण भांडतो का? ती आपण मिटून ठेवतो. तीस वर्षं मी ज्याच्याशी भांडतो, तो माझा मित्रच असणार. चांगलं काय, हे नीट कळलं की चुकलेलं आपोआप दिसतं. सावलीचा प्रसंग इतका सुंदर आहे, म्हणूनच बसून राहिलेली राजकन्या खटकते. ज्याने ती सावली घडवली, त्याला राजकन्याही घडवता आली असती."

मग ती बाराव्या पातळीवर पोचली. सावली समोर आली. तिने घाव घातला, स्वतःचा त्रिकोण गेला. ती माझ्याकडे बघायला लागली, "मामा, हे कोडं तू कसं सोडवलंस?"

मी म्हणालो, "मी नाही सोडवलं. तुझ्या आईने सोडवलं. मी नुसती कळ दाबली होती."

ताई स्वयंपाकघरात शंकरपाळे तळत होती. तिने वळून पाहिलं. काही बोलली नाही. झारा खाली ठेवला, हात पदराला पुसले, आणि येऊन शेजारच्या खुर्चीत बसली. मी म्हणालो, "तिथं नाही ताई, इकडं बस." आणि कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

पहिल्याच उडीला ती सुळ्यांवर पडली! आम्ही तिघंही पोट धरून हसलो. मग ती म्हणाली, "थांब, परत. मले कळलं आता."

करून पाहा

तुमचा आवडता खेळ कोणताही असो, हे प्रश्न वहीत लिहून काढा. आई-बाबांनो, तुम्हीही मुलांना "बंद कर तो खेळ" म्हणण्याआधी एकदा यातला एखादा प्रश्न विचारून बघा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

१. पडदा बंद करून खेळाची गोष्ट पाच वाक्यांत सांगा. सांगता येते का? की नुसत्या लढायाच आठवतात?

२. गोष्टीत कोण नुसतं बसून आहे? त्याला काही करायला दिलं तर गोष्ट कशी बदलेल?

३. कुणी न बोलता, फक्त तुमच्या हातांनी केलेल्या कृतीतून तुम्हाला काय कळलं? ती जागा शोधा. खेळातली सगळ्यात चांगली जागा बहुतेक तीच असते.

४. दुसऱ्या देशातली, दुसऱ्या लोकांची गोष्ट आहे का? मग नावं, गावं, भाषा नीट घेतली आहे का?

५. तुम्ही खेळताना शेजारी कोण बसतं? या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहू नका. उठा आणि त्याला, नाहीतर तिला, एक डाव द्या!